निवडणं

फाल्गुनात मंगळवेढ्याकडची ज्वारी घरी आली की आईचे पुढचे आठ-दहा दिवस ठरलेले असतात. सोप्यात ऊन शिरायच्या आत ती पोतं सोडते, सुपात थोडी ज्वारी घेऊन पाखडते, परातीत पसरते आणि मग तिची बोटं चालू लागतात. खडे एकीकडं, किडके दाणे एकीकडं, टरफल न सुटलेले तिसरीकडं. ती ब्याऐंशी वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत. तरी खडा तिच्या बोटाला आधी कळतो, डोळ्याला नंतर.

यंदा मी शेजारी बसले होते. नोकरी संपवून सोलापुरात परत आल्याला मला दीड वर्ष होईल. तिनं मान वर न करताच विचारलं, "इतकी वर्षं तिकडं तू नेमकं काय करत होतीस गं? कुणी विचारलं की मी आपली कंपनीत होती म्हणते."

मी म्हटलं, "निवडत होते."

"काय?"

"डांबर."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी थट्टा करत नव्हते. वीस-बावीस वर्षांच्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मला त्याआधी कधी सुचलं नव्हतं.

डांबर म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढं गल्लीतला रस्ता आला असणार. ते डांबर वेगळं. कच्च्या तेलातलं सगळं हलकं काढून घेतल्यावर तळाशी उरतं ते बिटुमेन. पन्नास अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. मे महिन्यात हवा ४४ अंशांवर गेली की रस्ता त्याहून कितीतरी जास्त तापतो, आणि भर दुपारी विजापूर रोड ओलांडताना चपला चिकटतात त्या त्यामुळं. तिच्या कपाटात चादरींच्या घड्यांमध्ये ठेवलेली डांबरगोळी मात्र माझ्या डांबराच्या नात्यातली आहे. जुन्या डांबरगोळ्या नॅप्थलीनच्या, आणि नॅप्थलीन १८२०च्या सुमारास पहिल्यांदा वेगळं केलं गेलं ते दगडी कोळशाच्या डांबरातून. आपल्या भाषेनं ही ओळख त्या गोळीच्या नावातच जपून ठेवली आहे. त्याचं मला फार अप्रूप वाटतं.

पोलादाच्या कारखान्यांत, भिलाईला, बोकारोला, जमशेदपूरला, कोक भट्ट्या असतात. त्यांत दगडी कोळसा हवा लागू न देता हजार अंशांच्या वर तापवतात. टनभर कोळशामागं तीस-चाळीस किलो डांबर निघतं. ते उकळून त्यातली तेलं एकेक करून काढून घेतली की शेवटी निम्म्याच्या आसपास जे उरतं ते पिच. काळंभोर, चकचकीत. हातोडी मारली तर काचेसारखं फुटतं, आणि तसंच ठेवून दिलं तर वर्षानुवर्षं हळूहळू वाहत राहतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली पिचनं भरलेलं एक नरसाळं मांडून ठेवलं, ते अजून ठिबकतंय. एका थेंबाला आठ-दहा वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त.

या डांबरानं सोलापूरला काय दिलं हे पूर्व भागातल्या डाईंगवाल्यांना ठाऊक नसलं तरी त्यांच्या हातांना ठाऊक आहे. १८५६ मध्ये पर्किन नावाच्या इंग्रज तरुणाला पहिला कृत्रिम जांभळा रंग सापडला, त्याची सामग्री डांबरातून आलेली होती. बारा वर्षांनी डांबरातल्याच अँथ्रासीनपासून मंजिष्ठाचा लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला. सोलापुरी चादरीवरचे मोर आणि कमळं ज्या रसायनविद्येनं रंगली, तिचं माहेर कोळशाची भट्टी आहे.

पण माझं काम रंगांच्या पुढचं, म्हणजे सगळी उपयोगी तेलं निघून गेल्यावर उरलेल्या पिचचं. त्या पिचपासून कार्बन करायचा: पोलादाच्या आर्क भट्टीत वीज नेणारे ग्रॅफाइटचे जाडजूड दांडे, बॅटरीतलं ग्रॅफाइट, उपग्रहात लागणारे कार्बनचे धागे. हे सगळं पिच तापवून करता येतं. आणि तापवण्याआधी ते निवडावं लागतं.

निवडायचं म्हणजे काय, हे आईला सांगताना मला आप्पांची, माझ्या वडिलांची, मदत झाली. आप्पा गिरणीत ब्लो रूमला होते. कापसाच्या गाठी फुटायच्या त्या तिथं. काड्या, सरकीचे तुकडे, पानांचा चुरा, माती, सगळं झोडपून काढून मग कापूस कार्डिंगला, म्हणजे पिंजायला, जायचा. आप्पा म्हणायचे, "आमच्याकडनं सुटलेला कचरा पुढं कुणाला काढता येत नाही. सूत तिथंच तुटतं." गिरणी बंद पडली, आप्पाही गेले. जन्मभर कापसाचा धुरळा छातीत घेतल्याचा खोकला शेवटपर्यंत राहिला. त्यांचं ते वाक्य मी लॅबमध्ये नव्या मुलांना शेकडो वेळा सांगितलं असेल.

पिचमधला कचरा असा. भट्टीत कोळशातून निघालेली डांबराची वाफ तापलेल्या भिंतींवरून, छताखालून जाते. जास्त तापलं की त्या वाफेतच काजळीसारखे बारीक गोल कण तयार होतात. एक मायक्रॉनच्या आसपासचे, कित्येक त्याहूनही लहान. केसाची जाडी सत्तर मायक्रॉन धरली तर अंदाज येईल. त्यांत कोळशाची धूळ आणि राखही मिसळते. हे कण कशातच विरघळत नाहीत. अगदी क्विनोलिनसारख्या जबर द्रावकातसुद्धा नाही. म्हणून त्यांना क्विनोलिन-इनसोल्युबल म्हणतात, आणि लॅबमध्ये त्याचा झाला क्यूआय. "आजचा क्यूआय किती?" या प्रश्नानं माझी सकाळ सुरू व्हायची.

क्विनोलिनबद्दल थोडं सांगायलाच हवं. १८३४ मध्ये रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ते शोधलं, तेही कोळशाच्या डांबरातच. आमचं दुसरं द्रावक टोल्युइन, तेही डांबरातून मिळतं. डांबर धुवायला डांबरातूनच निघालेली द्रव्यं लागतात. काट्यानं काटा काढतात तसंच हे. यात योगायोग नाही. कोणतंही द्रव्य आपल्या गोतातल्या द्रव्यातच विरतं. एखाद्या द्रवाचे रेणू एकमेकांना किती घट्ट धरून असतात याचं हिल्डेब्रँड या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं एक माप दिलं आहे. हेक्झेनचं १४.९, टोल्युइनचं १८.२, क्विनोलिनचं २२च्या आसपास. पिचमधले रेणू सपाट असतात, बेंझिनच्या कड्या एकीला एक जोडून झालेल्या चकत्या. लहान चकत्या हेक्झेनमध्येही विरतात. मधल्यांना टोल्युइन लागतं. मोठ्यांना क्विनोलिनशिवाय गत्यंतर नाही. एकाच पिचला या तिघांनी पाळीपाळीनं विचारलं की त्याच्या पोटात काय आहे ते कळतं. टोल्युइनमध्ये न विरणारा पण क्विनोलिनमध्ये विरणारा जो भाग, त्याला बीटा रेझिन म्हणतात. पिच चिकटतं ते मुख्यतः त्याच्या जोरावर.

ही झाली परीक्षा. ठरलेल्या वजनाचं बारीक केलेलं पिच गरम क्विनोलिनमध्ये घालायचं, गाळायचं, टोल्युइननं धुवायचं, ॲसिटोननं धुवायचं, वाळवून वजन करायचं. वाफा ओढून घेणारा हुड चालू असला तरी क्विनोलिनचा वास केसांत बसायचा. सुटीला घरी आले की आई जवळ घेऊन म्हणायची, "तुझ्या डोक्याला कपाटातला वास येलालाय."

ग्रॅमभर पिच गाळणं वेगळं आणि टनावारी पिच स्वच्छ करणं वेगळं. गाळणी काही वेळात बुजते. मायक्रॉनचा कण घट्ट पिचमध्ये आपणहून तळाशी बसायला ठेवला तर त्या नरसाळ्यासारखी वाट पाहावी लागेल. इथं द्रावकांची खरी करामत आहे आणि आजही मी तिच्यात रमते. पिचमध्ये दोन द्रावकं एकत्र घालायची. एक गोतातलं, डांबराचंच तेल, जे सगळ्याला पातळ करतं. दुसरं परक्या गोताचं, केरोसिनच्या जातीचं, जे पिचमधल्या सर्वांत जड रेणूंना नकोसं वाटतं. दुसऱ्याचं प्रमाण बेताचं असलं की हे जड रेणू विरघळलेले राहू की बाहेर पडू अशा काठावर येतात, आणि त्यांतले थोडे चिकट होऊन क्यूआयच्या कणांना धरतात. कणाला कण लागतो, पुंजके होतात. पुंजका कणापेक्षा दहापट मोठा झाला तर खाली बसण्याचा वेग शंभरपट होतो, कारण वेग आकाराच्या वर्गानं वाढतो. तासन्‌तास ढवळूनही न हललेली घाण मग शांतपणे तळाशी उतरते आणि वरचं पिच ओतून घेता येतं.

आई एवढं ऐकून म्हणाली, "तुरटीसारखं."

अगदी तसंच. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि पावसाळ्यात उजनीचं पाणी गढूळ असलं की पिंपात ती तुरटीचा खडा फिरवते. गढुळाला गढूळ धरतं आणि खाली बसतं. आतलं रसायन वेगळं आहे, पण तिनं पकडलेली गोष्ट तीच: घाण बाहेर काढायची नाही, तिला एकमेकींना धरायला लावायचं.

या कामात हात बसायला मला वर्ष गेलं. पहिल्याच मोठ्या बॅचला मला वाटलं, परकं तेल थोडं वाढवलं तर पुंजके लवकर पडतील. पडलेही. पण त्यांच्याबरोबर बीटा रेझिनही पडलं. तळाशी गोंदासारखा काळा लगदा जमला, त्यात ढवळणी अडकली आणि भांडं रिकामं करायला आम्हा चौघांना दोन दिवस लागले. वरचं पिच आरशासारखं स्वच्छ होतं आणि कशालाच उपयोगी नव्हतं. ज्याच्यापासून कार्बन व्हायचा तोच भाग मी खड्यांबरोबर टाकून दिला होता. त्या रात्री खोलीवर मला आई दिसत राहिली, सूप हलवताना. तिच्या मनगटाचा झटका नेमका तेवढाच असतो. थोडा जास्त झाला की दाणेही उडतात.

आता निवडून पुढं काय होतं ते. स्वच्छ पिच चारशे-साडेचारशे अंशांवर नेलं की त्या सपाट चकत्या एकमेकींना जोडून मोठ्या होतात, आणि मोठ्या झाल्या की कडक भाकरीच्या चळतीसारख्या एकीवर एक बसू लागतात. द्रवातच गोळे दिसू लागतात. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते निळे-पिवळे-गुलाबी चमकतात. ऑस्ट्रेलियात टेलर या संशोधकानं असे गोळे आधी पाहिले ते जमिनीखाली तापलेल्या कोळशाच्या थरात, आणि १९६५ मध्ये ब्रूक्स आणि टेलर यांनी पिच तापवताना हे कसं घडतं ते मांडलं. द्रव असूनही आत ओळ असलेल्या या अवस्थेला मेसोफेज म्हणतात. गोळ्याला गोळा भेटतो, दोन थेंब एक व्हावेत तसे ते मिळतात, आणि शेवटी साऱ्या पिचभर एका दिशेनं वाहिलेली लांबच लांब रांग उभी राहते. ती तशीच घट्ट झाली की नीडल कोक, सुयांसारख्या लांब रांगांचा कार्बन. ग्रॅफाइटच्या दांड्याला तोच लागतो, कारण भट्टीच्या आगीत तो कमी फुगतो आणि तडकत नाही.

क्यूआय असला तर तो या गोळ्यांच्या अंगावर बसतो, वारुळाच्या तोंडावर मुंग्या बसाव्यात तसा दाटीनं. मग गोळे जवळ येतात पण एक होत नाहीत. कोक होतो, पण आत छोट्या छोट्या तुकड्यांची गोधडी. सूक्ष्मदर्शकातून मी दोन्ही हजारो वेळा पाहिलं आहे. स्वच्छ पिचचं चित्र पाहताना दर वेळी छाती भरून यायची. डोळा तिथून काढवत नसे.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते याच्या उलट बाजूनं. दांडे करताना कोकच्या दाण्यांना बांधायला जे पिच वापरतात, त्यात क्यूआय चालतो. एवढंच नाही, थोडा हवा असतो. भाजताना तो पिचला धरून ठेवतो आणि मागं जास्त कार्बन उरतो. भाजलेल्या दांड्याची छिद्रं भरायला पुन्हा पिच मुरवतात, तिथं तोच क्यूआय शत्रू, कारण छिद्रांची तोंडं बुजतात. एकाच कारखान्यात, एकाच दांड्यासाठी, एका टाकीत जो कण हवा तोच शेजारच्या टाकीत नको. आणि धागे करायचे असतील तर हिशेब आणखी उलटा. १९८०च्या एका अमेरिकी पेटंटात डिफेंडॉर्फ आणि रिग्ज यांनी दाखवलं की पिचमधला टोल्युइनसारख्या द्रावकात विरणारा मोठा भाग धुऊन काढला, तर उरलेला थोडा भाग तापवल्याबरोबर काही मिनिटांत मेसोफेजमध्ये बदलतो. त्याला वेळ लागत होता तो हलक्या चकत्या मध्ये येत होत्या म्हणून. म्हणजे इथं विरलेलं टाकायचं आणि न विरलेलं ठेवायचं. अशा मेसोफेजचे ओढलेले धागे पुढं खूप तापवून ग्रॅफाइटसारखे केले, तर त्यांतले काही उष्णता तांब्यापेक्षाही चांगली वाहतात. कापसाच्या पेळूतून सूत ओढताना तंतू एका दिशेला लागतात, तशाच चकत्या धाग्याच्या लांबीला लागतात. आप्पांना हे दाखवायचं राहून गेलं.

पिच वाईट किंवा चांगलं नसतं, हे मला त्यातून उमगलं. कशासाठी निवडायचं ते आधी ठरावं लागतं. शेतकीतही तेच. सगळ्या पंचक्रोशीत पेरली जाणारी मालदांडी ३५-१ मोहोळच्या केंद्रावर स्वातंत्र्याआधीच गावठी ज्वारीतून निवडून काढली गेली. कोरडवाहू काळ्या रानात, हिवाळ्यात जमिनीतल्या ओलीवर तगेल आणि भाकरीला गोड लागेल असं कणीस हवं होतं, म्हणून ती सापडली. दुसरं काही हवं असतं तर तेच कणीस बाजूला पडलं असतं.

आईनं मग तो प्रश्न विचारला ज्याचं मला भय होतं. "आणि ती निघालेली घाण? ती कुठं टाकता?"

ती खडे उकिरड्यावर टाकते, किडके दाणे आणि कणी चिमण्यांना, टरफलवाले दाणे पुन्हा कांडायला. तिच्या निवडण्यात काहीच वाऱ्यावर जात नाही. आमच्याकडं द्रावक परत उकळून घ्यायची सोय होती. टोल्युइन ११० अंशांना उकळतं, ते सोपं. पण तळाशी बसलेला गाळ, क्यूआय आणि जड रेणूंचा, त्यात अडकलेलं द्रावक आणि बेंझोपायरीनसारखी कर्करोग आणणारी द्रव्यं. तो बांधणीच्या पिचमध्ये परत मिसळता येतो, काही ठिकाणी तसा मिसळतातही. मी जिथं होते तिथं बरीच वर्षं तो पिंपांत भरून शेडमागं उन्हात ठेवला जायचा. मी तीन वेळा लेखी दिलं. एकदाही लेखी उत्तर आलं नाही. ज्यांच्या अंगावर पिचची धूळ बसायची ते मजूर दुपारच्या उन्हात काम करायचे, आणि पिचची धूळ ऊन लागलं की कातडी भाजते हे कंत्राटदाराला सांगूनही ती पाळी रात्री न्यायला दोन उन्हाळे गेले. एक पोरगा होता, अक्कलकोटकडचा. मानेवर, गालांवर लाल चट्टे घेऊन यायचा आणि म्हणायचा, "ताई, उन्हाचंच आहे, आमच्याकडं याहून जास्त असतं." मी त्याला सांगत राहायचे की हे ऊन आणि गावाकडचं ऊन एक नाही.

पाळी अखेर रात्रीवर गेली. पिंपं मी सोडेपर्यंत निम्मी हलली होती. ज्या कामात एक कण बाजूला काढायला आम्ही एवढी बुद्धी खर्च करतो, त्यात काढलेल्या कणाला जागा ठरवून देणं हा त्याच कामाचा भाग आहे, असं मी आजही तितक्याच तळमळीनं म्हणते. निवडून झाल्यावर परात जमिनीवर तशीच सोडून उठणारी बाई मी आमच्या घरात कधी पाहिली नाही.

आईला मी हे सगळं सांगितलं. ती ऐकत होती, बोटं चालू होती. परात रिकामी झाली तशी तिनं खडे पदरात घेतले, चिमण्यांचा वाटा कट्ट्यावर पसरला आणि स्वच्छ ज्वारी पत्र्याच्या डब्यात ओतली. निरोपाच्या दिवशी मला ग्रॅफाइटच्या दांड्याचा एक तुकडा मिळाला होता, बोटभर लांब. इथं आल्यापासून तो खिडकीत पडून होता. तिनं तो हातात घेतला, बोटांवर उमटलेला काळा रंग पाहिला आणि डब्याच्या अंगावर त्यानंच मोठ्या अक्षरांत लिहिलं: मंगळवेढा, फाल्गुन. मग तुकडा माझ्याकडं देत म्हणाली, "दुसऱ्या डब्यावर तू लिही. माझं अक्षर वाकडं येलालाय."